गावच्या घराची जुनी गाडीखोली: खांब खालून कुजले, भिंत बाहेर झुकली

आर्वीचा_शेतकरी
१२ मार्च, रात्री ९:३५

नमस्कार मंडळी.

आमच्या मागच्या अंगणात, घरापासून वीसेक पावलांवर एक सुटी खोली आहे. आजोबांनी १९६२ साली दमणी (छोटी बैलगाडी) ठेवायला बांधली. पुढे बाबांची जीप तिथे उभी राहायची, म्हणून घरात सगळे तिला गाडीखोली म्हणतात. आता ट्रॅक्टर असतो. २० फूट लांब, १२ फूट रुंद. दोन्ही लांब बाजूंना सागाचे चार-चार खांब, सहा इंची चौकोनी. खांबांवर सलग मयाल (आडवी तुळई), त्यावर वासे, आढं आणि मंगलोरी कवेलू (कौलं). खांबांच्या मधली भिंत खालून तीन फूट मातीत रचलेल्या विटांची आणि वर कुडाची (काड्यांवर माती लिंपलेली).

दिवाळीनंतर लक्षात आलं की पश्चिमेच्या भिंतीने बाहेर पोट काढलं आहे. ओळंबा सोडला तर सात फुटांत साडेतीन इंचांचा फरक निघाला. त्या बाजूच्या मधल्या दोन खांबांत जमिनीलगत पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याला ओली तंबाखू चिकटावी तसा भुसा होता. उधईची (वाळवीची) मातीची नळीही दिसली, पण ती फार वर गेलेली नाही.

मला दिसतं ते कारण असं. दर उन्हाळ्यात अंगणात मुरूम टाकत गेलो, त्याने जमीन नऊ इंच वर आली आणि खांबांखालचे दगडी तळखडे गाडले गेले. बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आत काँक्रीटची जमीन केली, ती थेट खांबांना भिडवली, आणि बाहेरून कुडावर सिमेंटचा गिलावा चढवला. तेव्हा आम्हाला ते पक्कं काम वाटलं होतं.

आता एक जण म्हणतो पाडा आणि कॉलम-बीम उभे करा. दुसरा म्हणतो बाहेरून दोन बल्ल्यांचा टेकू द्या, अजून दहा वर्षं जातील. माझं मन पाडायला धजत नाही, कारण मयाल आणि वासे ठणठणीत आहेत. पण नुसत्या मायेपोटी उद्या छप्पर कोणाच्या अंगावर यायला नको. छप्पर जागेवर ठेवून खालचे खांब आणि भिंती नव्याने करता येतात का? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याला तीन महिने उरलेत.

---

वऱ्हाडी_वाढई
१२ मार्च, रात्री १०:५०

राम राम भाऊ. माया बाप वाढई, मीबी वाढईच. असे काम सात-आठ केले हायेत.

पहिले घाई करू नका. लाकूड बाहीरून काळं दिसलं म्हणजे सडलंच असं नसते, अन् चांगलं दिसलं म्हणजे चांगलंच असंबी नसते. बारीक गिरमिट घ्या, जमिनीपासून चार बोटं वर भोक पाडा, मंग वीतभर वर, मंग अजून वीतभर वर. जो भुसा निंघते तो हातावर घेऊन पाहा. सागाचा चांगला भुसा पिवळसर अन् कोरडा, त्याले तेलाचा वास येते. सडका भुसा काळा, ओला, बोटात दाबला तं चिकटते. कुठून चांगला सुरू होते तिथं खडूनं रेघ मारा. आठी खांबाचं करा, जे चांगले दिसते त्याहीचंबी.

दुसरं, मयाल अन् खांब जिथं भेटते तिथं शिडी लावून पाहा. खांबाची कूस (वरचं घडवलेलं टोक) मयालाच्या भोकात बसली हाय का उपसली, खुंटी तुटली का शाबूत हाय. कूस शाबूत असंन तं तुमची खोली वाचते. साठ सालाचं वाळलेलं सागवान हाय ते. आता आरामशीनवर जाऊन तसं मांगा, मिळत नाई.

अन् एक सांगून ठेवतो. भिंत सरळ करा म्हणून कोणी ट्रॅक्टरले साखळी बांधा म्हनन तं आयकू नका. ट्रॅक्टरले हळू कळत नाई.

---

काळी_माती
१३ मार्च, सकाळी ७:१५

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त अभियंता आहे. वाढई भाऊंनी लाकडाचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो.

आपल्याकडची भारी काळी माती माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली असते. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. तुमच्या पश्चिमेच्या बाजूला छपराचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडतं ना? म्हणजे तिथली माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात दुपारचं ऊन खाऊन सगळ्यात जास्त आक्रसते. पूर्वेची बाजू सावलीत, ती तेवढी हलत नाही. साठ वर्षं एका बाजूचे खांब वरखाली होत राहिले. कुजणं नंतर आलं आणि त्याने काम उरकलं. म्हणून नुसते खांब बदलून भागणार नाही, पाणी वळवावं लागेल.

एप्रिलच्या अखेरीस अंगणाबाहेरच्या उघड्या काळ्या जमिनीतल्या भेगेत पाच फुटी सळई घालून बघा, किती खोल जाते ते. जमीन कुठपर्यंत हलते ते त्यावरून कळतं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले अंडररीम्ड पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) काढले, साडेतीन मीटरच्या आसपास खोल. पक्क्या घराला ते योग्य. तुमच्या खोलीला नकोत, हे हिशेबाने दाखवतो.

छपराच्या पाख्या (उतरत्या बाजू) मोजल्या तर अंदाजे २२ गुणिले १७ फूट, म्हणजे ३५ चौरस मीटरच्या आत. चौरस मीटरला १५ कवेलू धरले तर सव्वापाचशे नग. एक कवेलू अडीच किलोचं, म्हणजे साधारण १३०० किलो. लाकूड ५००-६०० किलो. सगळं मिळून दोन टनांच्या आत, ते आठ खांबांवर. मधल्या खांबावर ३००-३५० किलो येईल. साधा पाच टनी हायड्रॉलिक जॅक ते सहज उचलतो. जॅकच्या ताकदीची काळजी करू नका. तो कशावर ठेवता त्याची करा, काळ्या मातीवर ठेवलात तर छप्पर वर जाण्याऐवजी जॅक खाली जाईल. दोन फूट लांब जाड फळ्या आडव्या-उभ्या रचून त्यावर ठेवा.

---

पळसफूल
१३ मार्च, दुपारी १:०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही यवतमाळकडे अशीच खोली पाडून लोखंडी पाइपचं शेड उभं केलं, वर टिना. आठ दिवसांत काम झालं. उधई नाही, कूज नाही. तुम्ही तीन महिने जुन्या लाकडात घालणार, मजुरी पाहिली तर खर्चही फार कमी होणार नाही. शेतीच्या हंगामाच्या तोंडावर हे झेपेल का, याचा विचार करा.

---

आर्वीचा_शेतकरी
१३ मार्च, रात्री ९:००

राग कसला, मीही महिनाभर हाच विचार करत होतो. टिना मला दोन कारणांनी नको. एक तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत टिनाखाली उभं राहवत नाही, आणि आम्ही तिथे बियाणं आणि अवजारंही ठेवतो. दुसरं वाऱ्याचं. कवेलूचं छप्पर जड असतं, टिनाचं हलकं. वावटळीत टिना उडून शेजारच्या वावरात गेलेल्या मी दोनदा पाहिल्या आहेत.

गिरमिट फिरवून झालं. पूर्वेचे चारही खांब चांगले, फक्त तळाशी बोटभर कूज. पश्चिमेच्या टोकाच्या दोघांत १२-१४ इंचांपर्यंत, आणि मधल्या दोघांत २८ ते ३० इंचांपर्यंत आतून पोकळ. आठही खांबांच्या कुसा जागेवर आहेत, एक खुंटी तुटलेली.

---

काळी_माती
१४ मार्च, सकाळी ६:५०

वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे. इमारतींवर येणाऱ्या भारांच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पळसफूल, तुमच्या शेडचे पाइप काँक्रीटमध्ये नीट रोवले असतील आणि टिना आकडी बोल्टने पक्क्या असतील तर तेही टिकेल. मात्र नुसत्या तारेने बांधलेलं टिनाचं छप्पर मी कोणालाच सुचवणार नाही.

आता खांब. १४ इंचांपर्यंत कूज असलेल्यांना नवीन लाकूड लावूच नका. कुजलेलं कापा आणि जेवढी उंची कमी झाली तेवढी काँक्रीटच्या ओट्याने भरून काढा. लाकूड जमिनीपासून जितकं वर, तितकं त्याचं आयुष्य. ३० इंचवाल्यांना मात्र जोड द्यावा लागेल, तो वाढई भाऊ सांगतील.

ओट्यासाठी अडीच फूट चौकोनी, चार फूट खोल खड्डा. तळाला फूटभर मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, पाणी शिंपडून धुम्मसाने कुटलेले. त्यावर १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीटचा दोन फूट चौकोनी पाया, आणि त्यातून वर येणारा १२ इंची ओटा, चार उभ्या सळया आणि रिंगा घालून. ओट्याच्या डोक्यात आटे पाडलेल्या १६ मिलिमीटरच्या दोन सळया उभ्या सोडा. त्यांवर खालून नट, मग ८ मिलिमीटरची लोखंडी पाटी, वरून पुन्हा नट. पाटीला दोन कान वेल्ड करा, खांब त्या कानांमध्ये बसेल. म्हणजे जमीन पुढे कधी हललीच तर खालचा नट फिरवून खांब वर-खाली करता येईल. काळ्या जमिनीत काहीच हलणार नाही असं धरून बांधणं चूक आहे. हललं तर दुरुस्त करता यावं, असं बांधा.

आणि उरलेल्या खड्ड्यात रेती किंवा गिट्टी भरू नका. भोवती काळी माती आणि मध्ये रेती म्हणजे पाण्याचं टाकं तयार होतं आणि ते नेमकं पायाशी. थोडी चिकट असलेली पण न फुगणारी मुरमाड मातीच दाबून भरा. आयआयटी मुंबईचे डॉ. कट्टी यांनी अशाच मातीच्या थराने काळ्या मातीचं फुगणं आवरता येतं हे दाखवलं, आणि कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं.

---

वऱ्हाडी_वाढई
१४ मार्च, रात्री ८:३०

सायबाचं बरोबर हाय. नट-पाटीची गोठ मलेबी नवी हाय, पण पटली.

जोडाचं असं. खांब सहा इंची, तं तिरपा सांधा अठरा इंचाचा पायजे, जाडीच्या तिप्पट. वरचा चांगला भाग तिरपा कापा, नव्या तुकड्याचाबी तसाच, दोन्ही टोकं नुसते धारदार सोडू नका, इंचभर चौकट खांदा ठेवा, नाईतं वजन आलं का घसरते. १२ मिलिमीटरचे तीन बोल्ट, दोन्हीकून मोठ्या चाक्या (वॉशर). सांध्याचा तिरपा तोंड भिंतीच्या बाजूले नको, भिंतीच्या लांबीनं ठेवा. कापायच्या पहिले पुठ्ठ्याचा नमुना करा.

नवा तुकडा नव्या सागाचा घेऊ नका. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान शोधा, ते वाळून बसलेलं असते, पिरगळत नाई. पण पावती घ्या. सागाच्या लाकडाले पावती लागते.

कवेलू उतरवा लागन. सगळे नाई उतरवले तरी चालते, पण दोन्ही पाख्यावरून सारखे उतरवा. एकाच बाजूचे काढले तं दुसऱ्या बाजूचं वजन ढकलते अन् झुकलेलं अजून झुकते. मी तरुणपणी एक असंच घालवलं हाय, म्हणून सांगतो.

---

नदीकाठची
१५ मार्च, दुपारी ३:२०

दादा, भिंतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमचं घर वैनगंगेच्या काठी, सासूबाईंनी आयुष्यभर मातीच्या भिंती सांभाळल्या आणि आता मी सांभाळते.

तुमच्या कुडाचं नुकसान त्या सिमेंटच्या गिलाव्याने केलं आहे. मातीची भिंत पाणी पिते आणि वाळते, तिचं तसंच असतं. बाहेरून सिमेंटचं पांघरूण घातलं की आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. तो गिलावा कुठे ठोकून बघा, भदभद वाजेल आणि मागची माती पिठासारखी सुटलेली असेल.

मातीचं मिश्रण सांगते. काळी माती अजिबात नको, ती वाळताना चरचर फाटते. पिवळी किंवा तांबडी माती तीन घमेली, रेती एक घमेलं, गव्हाचं कुटार अर्धं घमेलं. पाणी घालून आठ दिवस भिजू द्या, रोज पायाने तुडवा. आंबूस वास यायला लागला की तयार. आधी डब्याच्या झाकणात भरून सावलीत वाळवा. कडेपासून सुटली किंवा फाटली तर रेती वाढवा, बोट लावल्यावर भुगा पडला तर माती वाढवा. शेवटचा हात शेण आणि गाळलेल्या मातीचा, तो दरवर्षी दिवाळीआधी. सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहा, तुम्हाला जवळच आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, त्या काळातल्या त्या माती-बांबूच्या भिंती सारवण आणि लिंपणावर आजही उभ्या आहेत.

---

मेळघाटी
१५ मार्च, रात्री ११:१०

कुडासाठी पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या काड्या) वापरू नका, त्यांना भुंगा लगेच लागतो. बांबू चिरून तट्टे (विणलेल्या चटया) करून घ्या, तुमच्याकडे बुरडकाम करणारे असतीलच. तट्टे विणायच्या आधी कांब्या बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवा. प्रमाण एकास दीड, पाण्यात एकूण पाच-सहा टक्के, चिरलेल्या बांबूला चार-पाच दिवस पुरतात. हे औषध पावसाने धुऊन जातं, त्यामुळे बांबू उघडा ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंनी लिंपायचाच. आमच्या धारणी तालुक्यात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र आहे, हे काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर एकदा या.

एक सूचना. भिंत जमिनीवर उभी करू नका, खांबांना टांगा. जमिनीपासून नऊ इंच वर खांबापासून खांबापर्यंत आडवी लाकडी पाटी घाला, मधे दोन-दोन फुटांवर उभ्या पट्ट्या, त्यात तट्टे. खालच्या नऊ इंचांत दगड नुसते सुटे रचा. जमीन फुगली तर दगड हलतील, भिंत नाही.

---

काळी_माती
१६ मार्च, सकाळी ७:००

मेळघाटी, ही टांगलेल्या भिंतीची सूचना मला या धाग्यातली सगळ्यात मोलाची वाटते. विटांची तीन फूट भिंत काळ्या मातीवर पुन्हा रचली तर पाच वर्षांत जिन्यासारखी तिरपी फाटेल.

भर एवढीच. कोपऱ्यालगतच्या प्रत्येक गाळ्यात (दोन खांबांमधल्या जागेत) आडवी-उभी चौकट झाली की एक तिरपं लाकूड घाला, खालच्या कोपऱ्यातून वरच्या विरुद्ध कोपऱ्यात. चार लाकडांची चौकट कोपऱ्यांत फिरते, त्रिकोण फिरत नाही. तुमच्या मूळ बांधणीत तिरपी लाकडं नव्हती, कुडाची घट्ट भिंतच ते काम करत होती. ती भिजून सैल झाली आणि खोली झुकली.

---

आर्वीचा_शेतकरी
११ एप्रिल, रात्री १०:२०

सगळ्यांनी इतकं लिहिलं, त्याप्रमाणे सुरुवात केली. काय झालं ते सांगतो.

आधी नऊ इंच मुरूम उपसला. बाहेर काढलेल्या तळखड्यांवर आजोबांच्या काळातली टाकीची नक्षी निघाली, आम्ही कोणी ती कधी पाहिलीच नव्हती. मग खांबांभोवतीचं काँक्रीट हातभर रुंदीचं फोडून काढलं. कवेलू दोन्ही पाख्यांवरून ओळीओळीने उतरवले, ४९० साबूत निघाले. पश्चिमेच्या विटा आणि कुड काढले. नदीकाठची ताई, सिमेंटचा गिलावा सब्बलीच्या एका धक्क्याने दारासारखा अख्खा सुटला आणि मागची माती खरंच पिठासारखी खाली आली.

मयालाखाली आतून-बाहेरून बल्ल्यांचे टेकू दिले, खाली फळ्या. मग जॅक. वाढई भाऊ, आमच्या गावच्या मिस्त्रींनी तुमच्यासारखंच घाई करू नका म्हणून सांगितलं, एका वेळी एका खांबाला पाव इंचाच्या वर नाही. चार खांबांत पाळीपाळीने फिरत राहिलो. जॅकची दांडी दाबली की आधी काहीच होत नसे, मग वर कुठेतरी आढ्याजवळ लाकूड हलकंसं करकरायचं, आणि मिस्त्री हात वर करून थांबवायचे. दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा. पूर्ण दिवसात सव्वा इंच उचललं.

पहिला खांब कापला तेव्हाचं सांगावंसं वाटतं. खालच्या दोन फुटांत करवत ओल्या गवतातून जावी तशी गेली, वासही चिखलाचा. खडूच्या रेघेच्या वर कापायला लागलो आणि करवतीचा आवाजच बदलला, भुसा पिवळा उडायला लागला आणि सागाचा वास सगळ्या अंगणात पसरला. बाबा ओसरीत बसले होते, ते उठून आले आणि कापलेल्या तोंडावर हात फिरवून बराच वेळ उभे राहिले.

ओटे भरून झाले, आता पोती टाकून दिवसातून चार वेळा पाणी मारतो आहे. भेगेत सळई घातली होती, सव्वातीन फूट गेली.

एक प्रश्न. उधईचं औषध कोणतं आणि किती? विहीर खोलीच्या उत्तरेला तीस फुटांवर आहे.

---

काळी_माती
१२ एप्रिल, सकाळी ६:४०

काम व्यवस्थित चाललं आहे. पाणी मारणं दहा दिवस तरी सोडू नका, या उन्हात काँक्रीटमधलं पाणी लवकर उडून जातं आणि ते कच्चं राहतं.

इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, पाच लिटर पाण्यात साडेदहा मिलिलिटर. जुन्या जमिनीत भिंतीलगत फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर सोडतात. पण विहिरीचं पाणी पिण्याचं असेल तर उत्तरेच्या बाजूला औषध टाकूच नका. तिथे ओट्याच्या डोक्यावर पातळ जस्ती पत्र्याची टोपी बसवा, चारी बाजूंनी दोन इंच बाहेर आणि खाली वाकवलेली. उधई पत्र्याला वळसा घालते, पण मग तिची मातीची नळी उघड्यावर दिसते आणि झाडूने पाडता येते. महिन्यातून एकदा बघायची सवय ठेवा. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधूनच औषध हाताळा.

---

वऱ्हाडी_वाढई
१२ एप्रिल, रात्री ९:१५

जस्ती टोपी आठीले लावा, औषध टाका का नका टाकू. खांबाचं कापलेलं तोंड पाणी सगळ्यात जास्त पिते. तिथं जवसाचं तेल कोमट करून तीन हात द्या, पहिला मुरला का दुसरा. अन् झुकलेलं सरळ कराले चेन पुली लावा, रोज इंचभर. सात फुटात साडेतीन इंच म्हणजे चार दिवस. घाईनं कुसा फाटतीन.

---

आर्वीचा_शेतकरी
१० मे, सकाळी ८:०५

काल रात्री साडेअकराला वादळ झालं. आधी धुळीचं, मग गारा, मग अर्धा तास पाऊस. आमची खोली त्या वेळी सगळ्यात नाजूक अवस्थेत होती. खांब नवीन ओट्यांवर, भिंती उघड्या, कवेलू फक्त अर्धे चढलेले.

सरळ करून पाच दिवस झाले होते, पण चेन पुली काढायच्या आधीच मिस्त्रींनी चारही कोपऱ्यांच्या गाळ्यांत तिरपी लाकडं ठोकून घेतली होती. मी म्हणत होतो की आधी कवेलू चढवू, पाऊस आला तर वासे भिजतील. त्यांनी ऐकलं नाही आणि ते बरं झालं. रात्री कंदील घेऊन गेलो तर छप्पर गदगद हलत होतं, पण खांब जागचे हलले नाहीत. आज सकाळी ओळंबा लावला, कालच्या पेन्सिलच्या खुणेवरच आहे. नुकसान म्हणाल तर चाळीसेक कवेलू फुटले. गावात दोन घरांच्या टिना गेल्या.

---

पळसफूल
१० मे, सकाळी ९:३०

सगळे सुखरूप ना? आमच्याकडेही वादळ होतं. शेड उभं आहे, पण तुमचं वाचून आज सगळे बोल्ट तपासले, सहा ढिले निघाले. तुमचा धागा नसता तर तपासले नसते.

---

नदीकाठची
११ मे, दुपारी २:४५

दादा, गारांनी ओलं झालेलं लाकूड वाळल्याशिवाय लिंपण चढवू नका. घाईने लिंपलं तर पाटीजवळ बुरशी धरते. आणि बाहेरच्या बाजूला पहिला थर जाड नको, अर्धा इंच, त्यावर बोटांनी खाचा ओढा, म्हणजे दुसरा थर धरून राहील.

---

आर्वीचा_शेतकरी
४ जून, रात्री ९:४५

लिंपण कालच पूर्ण झालं. आई आणि गल्लीतल्या चौघी मिळून तीन दिवस राबल्या. ताई, तुमच्या प्रमाणात आमच्या मातीला रेती थोडी जास्त लागली, झाकणातली पहिली चकती फाटली होती, तिसरी जमली. पश्चिमेला तीन फूट रुंद फरशीचा पट्टा केला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि वळचणीला पन्हळ लावून पाणी लिंबाच्या झाडाकडे काढलं. पूर्वेच्या दोन खांबांना ओटे केले, उरलेल्या दोघांचे तळखडेच उघडे ठेवले, त्यांना गरज नव्हती.

भिंतीच्या आतून ट्रॅक्टरचं चाक लागू नये म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवी बल्ली खांबांना ठोकली आहे. टांगलेल्या भिंतीला एवढी काळजी घ्यावीच लागेल.

---

मेळघाटी
२७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

दादा, पावसाळा संपत आला. भिंत कशी आहे?

---

आर्वीचा_शेतकरी
२८ सप्टेंबर, रात्री ८:२०

यंदा जुलैत सलग अकरा दिवस पाऊस होता. भिंतीला पश्चिमेकडून दोन जागी केसासारख्या रेघा आल्या, शेणमातीच्या हाताने त्या भरल्या. खालचे सुटे दगड नैऋत्य कोपऱ्यात वर आले, अगदी मेळघाटी दादांनी सांगितलं होतं तसे, आणि वरची पाटी सरळच राहिली. उधईची एक नळी पूर्वेच्या ओट्यावर जस्ती टोपीखाली दिसली, पाडून टाकली.

ओळंबा आज पुन्हा लावला. सात खांब खुणेवर. नैऋत्येचा ओटा मात्र चार मिलिमीटर उचलला गेला आहे, दाराची फळी वरून घासायला लागली म्हणून लक्षात आलं. काळी_माती सायेब, तुमचा नट अडीच आटे खाली फिरवला, दार पुन्हा मोकळं फिरतं. उन्हाळ्यात माती आक्रसल्यावर तो परत वर घ्यावा लागेल असं वाटतं, बरोबर ना?

---

काळी_माती
२९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

बरोबर. एप्रिलच्या शेवटी एकदा आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा, दोन्ही वेळी मोजून वहीत लिहून ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं जास्त हालचाल दिसेल, कारण पन्हळीने तुम्ही तिथलं पाणी नुकतंच तोडलं आहे आणि खालची ओल हळूहळू सारखी होईल.

---

वऱ्हाडी_वाढई
२९ सप्टेंबर, रात्री ९:००

भाऊ, लय बरं वाटलं वाचून. त्या नटाले ग्रीस लावून वरून पोत्याचा तुकडा गुंडाळून ठेवा, नाईतं दोन सालानं गंजून तो फिरणार नाई.

---

आर्वीचा_शेतकरी
३० सप्टेंबर, सकाळी ७:५०

त्या एकाला काल रात्रीच लावलं. बाकीच्या पाच ओट्यांचे आज करतो.